दाभोळची फेरीबोट

बुरोंडीच्या रंजिताने नवरा गेल्यावर पहिलाच प्रवास ठरवला. दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे, वेळणेश्वराचं दर्शन, मुक्काम हेदवीला, सकाळी तवसाळची खाडी ओलांडून जयगड आणि मग गणपतीपुळे. जायचं नवऱ्याच्या स्कूटरवरून.

धाकटा दीर हर्षद दारात आडवा उभा राहिला. "वहिनी, वर्षश्राद्ध झालं नाही आणि देवळं फिरणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, भावोजी."

"आणि एकटीच?"

"एकटी कशाला? मी हाय ना!" सासूबाई हेल्मेट चढवतच बाहेर आल्या. "माझा झील गेलाय, लोकांचा नाय. सर बाजूला."

हर्षद बाजूला झाला.

दाभोळला रंजिताने स्कूटर बोटीवर चढवली. बोट सुटली तोच हर्षदचा फोन आला.

"वाजू दे," म्हणत सासूबाई वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.