पेपरखालचं ऊन

मिठूचा खालचा जबडा अंगठ्यानं दाबला की दबत होता. फार नाही, मिलिमीटरभर. पण हाड दबायला नको असतं. विजयमालानं अंगठा काढला तशी ती जागा हळूहळू वर आली. तिनं दुसऱ्या बाजूनं दाबून पाहिलं. तिकडंही तेच. पुढचे दोन्ही पाय कोपराखाली फुगले होते, बघणाऱ्याला वाटावं, खाऊनपिऊन गुटगुटीत झालाय. मागच्या पायाची बोटं मधूनच थरथरायची आणि थांबायची. तिनं घड्याळाकडं बघून मोजलं. मिनिटाला अकरा वेळा.

"किती दिवस झाले वहिनी?"

"कशाला?"

"असा सरपटतोय त्याला. पोट उचलून चालत नाही."

जयवंतानं पदराला हात पुसले. "दिवाळीपसनं असंल. मला वाटलं, थंडीनं सुस्तावलाय."

आता फेब्रुवारी अर्धा सरला होता.

मिठू म्हणजे इग्वाना, झाडावर राहणारा मोठा परदेशी सरडा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वाचार फूट. विजयमालाचा भाऊ जोतीराम याच्या मुलानं, यशराजनं, कॉलेजात असताना तो पुण्याहून आणला, रीतसर नोंदवला, आणि दोन वर्षांपूर्वी ग्रीनहाऊसचं शिकायला नेदरलँड्सला जाताना आईच्या स्वाधीन केला. हिरवा म्हणून मिठू. वरकुटे गावातली माणसं मात्र त्याला घोरपडच म्हणत. ढोबळी मिरची तोडायला येणारी सारजा रोज एकदा तरी म्हणायचीच, "ह्या घरात घोरपडीला शेवग्याचा पाला आन् जास्वंदीची फुलं. आमी नुसतं बघायचं."

यशराज दर रविवारी फोन करी. जयवंता मिठूचं तोंड तेवढं फोनसमोर धरायची. हल्ली ती बाकीचं अंग दाखवत नव्हती.

जोतीराम रोपांच्या पॉलिहाऊसच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. "पालक घालून घालून वाट लावली हिनं त्याची," तो बहिणीला म्हणाला. "विजू, तू शिकल्याली हाईस, तूच सांग हिला. म्हशीचं काय कळत न्हाय, आन् निघाली घोरपड संभाळायला! पोरानं इस्वासानं दिलं हुतं."

जयवंतानं पाण्याची वाटी उचलली, धुतली, पुन्हा भरून ठेवली.

"थांब दादा," विजयमाला म्हणाली आणि गाडीकडं गेली. गाडीत अतिनील किरण मोजायचा मीटर होता. बारामतीच्या ज्या प्रशिक्षण केंद्रात ती वीस वर्षं पॉलिहाऊसची शेती शिकवत होती, तिथला.

साडेदहा वाजले होते. तिनं आधी बाहेर मोकळ्यावर मीटर आभाळाकडं धरला. पाच पूर्णांक नऊ. मग पॉलिहाऊसची दोन्ही दारं ओलांडून आत आली. आत ऊन एवढं लख्ख होतं की डोळे बारीक करावे लागत. तिनं मीटर धरला. शून्य पूर्णांक एक. मिठूच्या पिंजऱ्यावर धरला. शून्य. तिनं बटण सोडून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही शून्यच आलं.

वरचा प्लॅस्टिकचा कागद, ज्याला सगळे शेतकरी पेपर म्हणतात, तो दोनशे मायक्रॉनचा होता. त्याच्याबद्दल ती दर तुकडीला एकच वाक्य सांगायची, आणि ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं: अतिनील किरणांनी प्लॅस्टिक फाटतं म्हणून पेपरात ते किरण अडवणारं द्रव्य घालतात, उजेड आत येतो, ऊब आत येते, अतिनील बाहेर राहतं. पांढरी माशीसुद्धा त्यामुळं आत बावचळते, असं सांगितलं की शेतकरी हसत. आणि हे किरण अंगावर पडले नाहीत तर सरड्याच्या जातीचं शरीर खाल्लेलं कॅल्शियम हाडात नेऊ शकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. दोन गोष्टी डोक्याच्या दोन कप्प्यांत वीस वर्षं शेजारीशेजारी पडून होत्या.

दोन वर्षांपूर्वी मिठू खोलीत मावेना झाला तेव्हा जयवंतानं विचारलं होतं. विजयमाला निघायच्या गडबडीत होती, ओसरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. "वन्सं, यशानं त्याचा दिवा दिलाय. रोपांच्या पॉलिहाऊसात ठिवलं तर लावायचा का त्यो?"

"दिवसभर उन्हात असल्यावर दिवा कशाला वहिनी? उन्हात कंदील लावायचाय का?"

जयवंता हसली होती. दिवा कपाटात गेला.

"काय म्हंतंय यंत्र?" जोतीरामनं विचारलं.

"दिवा लागेल," विजयमाला म्हणाली.

"आन् पालकाचं?"

"पालकही बंद करा. त्यानं कॅल्शियम अडतं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ती इतकी सहज तोंडातून निघाली.

"बघ," जोतीराम बायकोकडं वळून म्हणाला. "यंत्रबी तेच म्हंतंय."

"चुकलंच माझं," जयवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिठूला बारामतीला डॉक्टर निकिताकडं नेलं. या भागात असले प्राणी तपासणारी ती एकटीच. एक्स-रेत मिठूची हाडं दिसतच नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. धुक्यात विजेचे खांब दिसावेत एवढीच ती उमटली होती. डॉक्टरनं कॅल्शियमचं औषध दिलं, इंजेक्शन दिलं आणि विजयमालाला बाजूला घेतलं. "वाकलेली हाडं सरळ होणार नाहीत. कणा टिकला तर थोडंफार जगेल. आत्ताही त्याला दुखतंयच. मला विचाराल तर शेवटचं इंजेक्शन आजही देता येईल. पण ते घरच्यांनी सांगायचं असतं."

"आधी दिवा लावून बघू," विजयमाला म्हणाली.

बाहेर येताना तिला स्वतःचा हेतू स्वच्छ दिसला. मिठू मेला असता तर कशानं मेला हे कुणीतरी विचारलं असतं. तो जगत होता तोवर त्याला फक्त आजार होता.

जोतीराम मनाचा वाईट नव्हता. दुकानात जाऊन तो स्वतः दोन दिवे घेऊन आला. एक जांभळी नळी आणि एक लाल-निळा पट्टा. "दुकानदार म्हणला, यूव्हीच हाय."

विजयमालानं नळी लावून खाली मीटर धरला. शून्य. "दादा, ही डास मारायची नळी आहे. आणि हा पट्टा रोपं वाढवायचा."

"मग घरातल्या पाण्याच्या फिल्टरात असती ती नळी? तीबी यूव्हीच की."

"ती जंतू मारते. ती लावली तर डोळे जातील त्याचे. कातडी भाजेल."

"एका नावाची किती भुतं हाईत गं!" जोतीराम म्हणाला. सारजा मिरच्यांच्या क्रेटमागं फिसकन हसली.

शेवटी जयवंतानंच कपाट उघडलं. यशराजचा दिवा तिच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेला होता. वीतभर कमी दोन हात लांबीची नळी, मागं चकचकीत पत्रा, आणि खोक्यात यशराजच्या अक्षरातली चिठ्ठी: काच किंवा प्लॅस्टिक मध्ये येऊ देऊ नये. विजयमालानं चिठ्ठी वाचली आणि घडी घालून पुन्हा खोक्यात ठेवली. जयवंता तिच्याकडं बघत होती.

असले दिवे वापरून झिजतात, नुसते ठेवून नाही. नळी लागली. एका फुटावर मीटरनं तीन पूर्णांक चार दाखवले. विजयमालानं पिंजऱ्याचं वरचं जाळीचं झाकण काढलं, कारण बारीक जाळी तिसरा हिस्सा किरण खाते. बांबूला तार बांधून नळी मिठूच्या पाठीपासून बरोबर एक फुटावर टांगली. शेजारीच उबेचा बल्ब लावला, म्हणजे उबेला आला की किरणही अंगावर घेईल. खाली कापडाची घडी. चढायच्या सगळ्या फांद्या काढून टाकल्या. शेतावरची वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री, म्हणून घरातून साठ मीटर वायर ओढली आणि टायमर लावला, सकाळी सात ते संध्याकाळी सात. हे सगळं तिनं एकटीनं केलं. कुणी हात लावू बघितला तर, "असू दे, मी करते," म्हणाली.

एक नळी, लुगड्यातून काढून, तारेवर. अर्ध्या तासाचं काम. सातशे दिवस ते कुणी केलं नव्हतं.

ती दर दोन दिवसांनी केंद्रातून सुटली की बारामतीहून वरकुट्याला येऊ लागली. वहीत लिहायची: वजन, खाणं, बोटांची थरथर. मिनिटाला अकरा. मग सात. चौथ्या आठवड्यात थरथर थांबली. मिठूनं जास्वंदीचं फूल जयवंताच्या हातातून ओढून घेतलं. जयवंता लहान पोरीसारखी हसली. "वन्सं, तुमचा दिवा पावला बघा!"

विजयमालालाही वाटलं, निभलं. आता कधीच सांगावं लागणार नाही.

रविवारी सकाळी फोन आला तो जोतीरामचा. "विजू, पडलं गं ते. जाळी धरून वर चढलं आन् पडलं."

पिंजऱ्याच्या बाजूच्या जाळीला नखं रोवून, झाकण काढलेल्या तोंडापर्यंत, मिठू पाच फूट वर गेला होता. झाडावर राहायची जात. अंगात जोर आला तशी वर जायची ओढ परतली. जोर महिन्यात येतो. हाड यायला वर्ष लागतं. हे विजयमालाला ठाऊक होतं, आणि तिनं फांद्या काढल्या, पण जाळी ठेवली.

ती आली तेव्हा मिठू मिरचीच्या क्रेटमध्ये टॉवेलवर होता. कमरेपासून मागं अंगात हालचाल नव्हती. शेपटी कुणीतरी ठेवून दिल्यासारखी पडली होती. तोंड उघडं होतं, आणि दर श्वासाला बरगड्या वाकड्या आत जात होत्या. आवाज मात्र काही नव्हता. या जातीला ओरडताच येत नाही.

विजयमालाची गाडी वरकुट्यातच ठेवून जोतीरामच्या गाडीनं सगळे बारामतीकडं निघाले. क्रेट मागं जयवंताच्या मांडीवर, शेजारी विजयमाला. सणसरजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यात अडकल्या होत्या. जोतीराम वैतागून उतरला आणि पुढं बघायला गेला. गाडीत दोघीच राहिल्या.

"वन्सं," जयवंता क्रेटमध्ये बघतच म्हणाली, "तितं डॉक्टरीणबाईसमोर त्यो दिव्याचा इषय नगा काढू."

विजयमालानं मान वर केली.

"यशाला आत्याचं लई कवतिक हाय. तुमच्याकडं बघून शिकलाय त्यो. माझं काय, पालकाचं म्हणून झालंय ते झालंय. मला सवय हाय बोलणी खायची."

"तुम्हाला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? तुमी चपलेचा पट्टा लावत हुता." तिनं मिठूच्या डोळ्यावर बसू पाहणारी माशी हातानं हाकलली. "ती चिठ्ठीबी मी रोज वाचायची. पलास्टिक लिवलंय. पण तुमी म्हणला म्हणल्यावर मला वाटलं, आपल्याला काय कळतंय."

ट्रॉली हलली. जोतीराम येऊन बसला. "काय बोलत हुता?"

"काय न्हाय," जयवंता म्हणाली. "ऊन लई हाय म्हणलं."

दवाखान्यात डॉक्टर निकितानं मिठूच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबलं. पाय हलला नाही. एक्स-रे काढला नाही. बोटांनी कणा चाचपला आणि एका जागी थांबली. "इथं तुटलाय." मग तिनं हात धुतले आणि तिघांकडं पाठ करून टॉवेलला हात पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली.

"एखांदं आप्रेशन?" जोतीरामनं विचारलं.

"हाडच नाही तर कशाला जोडू काका?"

"हिनं जर येळेवर पालक बंद केला आसता..."

"आवो, गप ऱ्हावा," जयवंता हळूच म्हणाली.

"गप काय ऱ्हावा? पोराला काय सांगणार हाईस? तूच सांग त्याला आता!"

आणि फोन वाजला. रविवार होता. जयवंतानं पडद्यावरचं नाव बघितलं, डोळे पुसले, पदर नीट केला आणि सवयीनं फोन मिठूच्या तोंडासमोर धरला. तोंड तेवढंच. "हा बघ, हा बघ तुझा मिठू. झोपलाय जरा."

"आई, मागं दवाखाना दिसतोय," यशराजचा आवाज आला. "काय झालंय? आई? त्याचं तोंड असं उघडं का आहे?"

जोतीराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागला. डॉक्टर थांबली होती. मिठूची एक बरगडी आत गेली, वेळ लावून वर आली.

विजयमालानं जयवंताच्या हातातून फोन घेतला. जयवंतानं तिचं मनगट धरलं आणि मान हलवली, नको म्हणून. विजयमालानं तो हात सोडवला नाही. तसाच मनगटावर राहू देऊन तिनं फोन आधी मिठूच्या सगळ्या अंगावरून फिरवला, फुगलेल्या पायांवरून, मेलेल्या शेपटीवरून, आणि मग स्वतःकडं वळवला.

"यशराज, आत्या बोलतेय. नीट ऐक. दिवा लावू नका असं मी सांगितलं होतं, तुझ्या आईनं मला विचारलं होतं तेव्हा. पेपरमधून अतिनील येत नाही हे मला माहीत होतं. पालकानं काही झालेलं नाही. महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाल्या होत्या की त्याला सोडवा, तेही मीच लांबवलं, माझ्यासाठी." तिनं श्वास घेतला आणि डॉक्टरकडं बघितलं. "आता नाही लांबवायचं. डॉक्टर, इंजेक्शन भरा."