वेगळी खोली

शिंपी आणि मास्तर डायलिसिसला शेजारशेजारच्या खाटांवर असत. कित्येक वर्षांची सोबत. मशीन सुरू झालं की शिंपी म्हणायचा, "चला मास्तर, धुणं पडलं!" आणि मास्तर दर वेळी नव्याने हसायचे.

त्या सकाळी मुख्य सिस्टर स्टूल ओढून शिंप्याजवळ बसली. "दादा, तुमच्या रक्तात बी प्रकारची कावीळ सापडलीय. आजपासून तुमचं मशीन वेगळं, खोली वेगळी."

"म्हणजे वाळीत टाकलंत."

"तसं नाही. इथे सगळ्यांचं रक्त अंगाबाहेर फिरतं. हातमोज्यावरचा एक थेंबही दुसऱ्याला पुरतो."

"पण माझ्यात ती आली कुठून?"

दाताच्या डॉक्टरकडून, न्हाव्याकडून, काहीही सांगता आलं असतं. सिस्टर म्हणाली, "बहुतेक इथूनच. वापरलेली सुई औषधाच्या बाटलीत पुन्हा गेली असेल, नाहीतर कुणी हातमोजे न बदलता दुसऱ्या खाटेकडे गेलं असेल. चूक आमची आहे."

शिंप्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोललाच नाही.

सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. औषधाची एक बाटली अनेकांना वापरणं त्या दिवसापासून बंद झालं. मास्तरांचा रिपोर्ट चांगला आला. ते कळल्यावर शिंप्याला हायसं वाटलं, पण पाठोपाठ मनात आलं, मग मलाच का? त्या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली. मास्तर वेगळ्या खोलीच्या काचेतून हात हलवायचे, तेव्हा तो डोळे मिटून पडायचा.

घरी बायकोने त्याचं ताट, पेला, टॉवेल सगळं बाजूला काढलं. नातीला म्हणाली, "आजोबांच्या मांडीवर बसायचं नाही." शिंप्याने तेही मुकाट्याने गिळलं.

एका दुपारी मास्तर जिना चढून आले. धाप लागली होती. बायकोने त्यांच्यापुढे चांगल्या कपात घोटभर चहा ठेवला आणि नवऱ्याचा पेला लांबूनच सरकवला. मास्तरांनी ते पाहिलं.

"वहिनी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तिथे वेगळं ठेवतात, म्हणून मीही ठेवते."

"तिथे रक्ताचा व्यवहार आहे, इथे आमटीभाताचा. सिस्टरांना विचारूनच आलोय मी. ताटातून, मांडीवरून हे जात नाही. वस्तरा, नेलकटर आणि याची शिवणाची सुई तेवढी वेगळी ठेवा. आणि तुम्ही लस टोचून घ्या."

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "अहो, मला कुणी सांगितलंच नाही हो."

"मी तरी कुठे विचारलं," शिंपी हळूच म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "तुमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून मला राग आला होता."

"मलाही आला असता," मास्तर म्हणाले.

कावीळ काही गेली नाही. डॉक्टर म्हणाले, ती आता अंगातच राहणार, गोळी रोज घ्यायची. त्याची खोली वेगळीच राहिली. मास्तर आपलं संपलं की हात धुऊन दाराशी खुर्ची टाकत आणि शिंप्याची बायको न्यायला येईपर्यंत त्याच्याशी बोलत बसत.

त्या खोलीत आणखी एक खाट होती. सिस्टर सुई लावायला आली, तेव्हा शिंप्याने बऱ्याच दिवसांनी तिच्यापुढे तोंड उघडलं.

"ही खाट कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही," ती म्हणाली. "ती रिकामीच राहावी, त्यासाठीच तर धडपड चाललीय."

त्याने हात पुढे केला.