कणगीतली ज्वारी

वच्छलाबाईने कणगीचं झाकण काढलं तर ज्वारीवर मेलेला उंदीर पडलेला. तिने झाकण परत लावलं, हात राखेने घासले आणि ओसरीत बसलेल्या सासूला म्हणाली, "आत्याबाई, आजच निंघानं."

१९०७ सालचा मार्गशीर्ष होता. पांझरेकाठच्या त्या गावात मागच्या गल्लीतली दोन माणसं काखेत प्लेगची गाठ येऊन गेली होती. जो तो घर सोडून आपापल्या शेतात झोपडी बांधत होता. वच्छला, तिचा नवरा रुपचंद आणि सासू भागाबाई म्हैस, अंथरुणं, दोन पातेली आणि मिठाचं मडकं घेऊन वावरात आली. धान्य मात्र वच्छलाने घेऊ दिलं नाही. पिंपळनेरहून आलेल्या डॉक्टरने चावडीवर सांगितलेलं तिने दाराआडून ऐकलं होतं. उंदीर मेला तिथलं धान्य, तिथलं गोणपाट हलवायचं नाही.

"मंग खावानं काय?" रुपचंदने विचारलं.

"बठ्ठं वावरमा शे. मी खावाडस ना."

वावरात खरंच बरंच काही होतं. उशिरा पेरलेल्या ज्वारीचा एक पट्टा उभा होता. जातं गावात राहिलेलं, म्हणून ती कणसं बडवून दाणे काढी, विहिरीजवळच्या सपाट दगडावर ठेची आणि त्या कण्या ताकात शिजवी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून त्यांत कांद्याची पात आणि मिरची-लसणाचा ठेचा घाली. कधी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, कधी हरभऱ्याचा कोवळा पाला नुसता मीठ-मिरची लावून. रुपचंद पोटभर जेवायचा. भागाबाई मात्र कण्यांकडे पाहून तोंड फिरवायची. तिला भाकरी हवी होती. साठ वर्षं भाकरी खाल्लेल्या बाईला रोज पातळ कण्या म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटे.

आठव्या दिवशी तिने ताट सरकवून दिलं. "घरमा कणगी भरेल शे, आनि मी कण्या खाऊ?"

दुपारी वच्छला तुरीच्या शेंगा तोडायला गेली, तेव्हा रुपचंद शेजारच्या वावरातल्या चुडामणबरोबर गावाकडे गेला.

ती ओटीत शेंगा घेऊन परतली तेव्हा दोघे बांधावरून येत होते. दोघांच्याही खांद्यावर पोतं होतं.

"तठेच थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की म्हशीने मान वर केली.

रुपचंद थांबला. चुडामण हसला. "वहिनी, चांगली ज्वारी शे. उंदीर काढी फेका. दाण्याले काय व्हस?" म्हणत तो आपल्या झोपडीकडे निघून गेला. तिथे त्याची बायको सुंदरबाई आणि दोन पोरी होत्या.

वच्छलाने नवऱ्याला पोतं तिथेच टाकायला लावलं. मग काड्यांचा भारा आणून पोत्यावर रचला आणि चुलीतलं जळतं लाकूड त्यात खुपसलं.

भागाबाई धावत आली. "अन्न जाळस! पाप लागी तुले!"

"लागू द्या."

पोतं पेटलं. दाणे तडतडले. भाजलेल्या ज्वारीचा वास साऱ्या वावरावर पसरला. तिघांच्याही पोटात आठ दिवसांत भाकरी गेली नव्हती, आणि त्या वासाने वच्छलाच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने आगीत आणखी काड्या घातल्या.

रुपचंदचं धोतर आणि सदरा तिने उकळत्या पाण्यात टाकले. त्याला दहा दिवस बांधाच्या लिंबाखाली राहायला सांगितलं. तो चिडला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून गेला. ती दोन वेळा बांधावर जेवण ठेवून मागे सरकायची आणि तो जेवेपर्यंत उभी राहायची. त्याने ताट पूर्ण संपवलं की तिचा श्वास मोकळा व्हायचा.

चौथ्या दिवशी चुडामणला ताप भरला.

पाचव्या दिवशी रुपचंदने ताट अर्धंच ठेवलं. तो घोंगडी गुंडाळून कुडकुडत होता. "वच्छला, जवळ नको येऊ," तो म्हणाला.

ती गेली. त्याच्या काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या. गाठ नव्हती. पण चुडामणचीही पहिल्या दिवशी दिसली नव्हती, असं सुंदरबाईने बांधापलीकडून सांगितलं होतं. दिवसभर वच्छला त्याच्याजवळ बसून राहिली, कण्यांचं गाळलेलं पाणी घोट-घोट पाजत राहिली. भागाबाई झोपडीच्या दारातून पाहत होती. तिने त्या दिवशी काहीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी रुपचंदचा ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजून चढला. भागाबाई दारातूनच म्हणाली, "हाई तर हिवताप शे. याच्या बापलेबी असाच येत जाय." तरी दहा दिवस पुरे होईपर्यंत वच्छलाचा त्यावर विश्वास बसला नाही.

तोवर चुडामण गेला होता. त्याला उचलायला चार माणसंही मिळाली नाहीत. बैलगाडीतून नेलं. सुंदरबाईच्या झोपडीकडे कोणी फिरकेना. त्या झोपडीतली ज्वारी खायची नाही एवढंच वच्छलाने तिला ओरडून सांगितलं, आणि रोज कण्यांचं पातेलं आणि वांग्याचं भरीत बांधावर ठेवू लागली. तिघांसाठी ठेचत होती, आता सहा जणांसाठी. तळहात सोलून निघाले.

एके सकाळी ती दगडापाशी आली तर भागाबाई आधीच ठेचत बसलेली.

"तू भरीत कर," सासू मान वर न करता म्हणाली. "हाई मी करस."

बारा दिवस गेले. सुंदरबाई आणि पोरींना काही झालं नाही. तेराव्या दिवशी भागाबाई बांध ओलांडून गेली आणि दोन्ही पोरींचे हात धरून त्यांना घेऊन आली. मागून सुंदरबाई आली, पण झोपडीबाहेरच उभी राहिली.

"जेवाले बस," भागाबाई म्हणाली.

"अक्का, मी त्यास्ले अडवाले पाहिजे व्हतं." सुंदरबाई म्हणाली.

रुपचंदने तोंड फिरवलं. वच्छलाने ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारी बसली. धाकटी पोर भरीत बोटाने पुसून खात होती. तिने आणखी मागायला रिकामं ताट पुढे केलं, तेव्हा सुंदरबाईने आपला पहिला घास उचलला.