टाकीवरचं ओलं फडकं

"तुमचा धंदाच हवा नासवण्याचा आहे, बाबा," मुलगी म्हणाली आणि तिने ताट बाजूला सारलं.

गारवाल्यांचा घास हातातच राहिला. एसी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना गारवाले म्हणे. लोकांची घरं गार करणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या घरात मात्र एकच पंखा होता, आणि तोही उपकार केल्यासारखा फिरायचा. मुलगी चार दिवस माहेरी आली होती. आईने नातवंडाचा विषय काढला, तेवढं निमित्त तिला पुरलं.

"जुना एसी काढताना आतला गॅस तुम्ही सरळ हवेत सोडता. खरं की नाही?"

"सगळेच सोडतात! तेवढ्याशा गॅसनं जग तापतं होय? कारखाने दिसत नाहीत तुला? विमानं दिसत नाहीत?"

"तेही हेच म्हणतात. आमच्या एकट्यानं काय होतंय!"

"मग तुझ्या एकटीच्या उपाशी राहण्यानं काय होणार आहे? जेव मुकाट्यानं."

"आम्ही मूल होऊ देणार नाही. असल्या भट्टीत कशाला आणायचं त्याला?"

आई वाढता वाढता थांबली. गारवाल्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेसुद्धा."

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "याच धंद्यावर शिकलीस, आणि आता माझ्यावरच उलटतेस?" असं ओरडून ते अर्ध्या जेवणावरून उठले. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यांनी ते कामाला होते त्या दुकानाच्या माळ्यावरून गॅस परत ओढून घ्यायचं मशीन काढलं. आणल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. एका घरचा जुना एसी काढायचा होता. तिथे ते मशीन लावून गॅस टाकीत भरत बसले, तेव्हा घरमालकीण दोनदा येऊन बोलून गेली. "अहो, बाकीचे लोक पाच मिनिटांत मोकळे होतात. तुम्हालाच कसा वेळ लागतो?" गारवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भरलेली टाकी दुकानात आणली, तर मालकाने कपाळाला हात लावला.

"ही कुठे ठेवू मी, डोक्यावर? हा गॅस घेतंय कोण? मागे जा आणि दे सोडून."

"नाही सोडणार."

"मग घरी ने आणि उशाशी घेऊन झोप!"

गारवाल्यांनी ती खरंच घरी नेली आणि मुलीच्या पुढ्यात दाणकन ठेवली. "घे. नाही सोडला हवेत. आता तूच सांग, याचं काय करायचं? शिकलेली आहेस ना!"

बापाने टोमणा मारला हे तिला कळलं, पण तिने फोन उचलला. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने पहिलीकडेच. दुपार कलली तेव्हा तिने फोन आपटला.

"कोणीच घेत नाही."

"मग? तोंड चालवायला आम्हीच सापडतो का?"

बोलताना त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लेकीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना, आणि त्याचाही त्यांना राग आला.

खोली तापली होती. टाकी तापू देऊन चालत नाही, म्हणून त्यांनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. डोळे उघडले, तर मुलगी फडकं पिळत होती.

"फुटेल म्हणून," ती तोडून म्हणाली.

"तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवताय जणू दोघं," आई आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी बापाशी एक शब्दही न बोलता निघून गेली. टाकी दाराआडच राहिली. गारवाले कामावर जाताना फडकं भिजवत, आल्यावर पुन्हा भिजवत. मुलीचा फोन यायचा तो आईलाच, आणि बोलणं व्हायचं तेही आईशीच.

ऊन फार झालं होतं, तेव्हा एका दुपारी असाच फोन आला. बोलता बोलता आईने तो कानापासून दूर धरला.

"अहो, ती विचारतेय, फडकं ओलं आहे ना?"

गारवाल्यांनी हात लावून पाहिलं. ओलंच होतं. तरी त्यांनी ते उचललं, बादलीत बुडवलं, पिळलं, टाकीभोवती नीट गुंडाळलं.

"आहे म्हणावं," ते म्हणाले.