आईमागची निळी भिंत

दुपारची गर्दी ओसरली की खानावळीच्या मागच्या पायरीवर बसून डेल्मी एल साल्वादोरमधल्या आईला फोन लावी. पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, थापून हाताला मक्याचं पीठ तसंच असे. पडद्यावर आई दिसे. ओठांना लाली, मागे निळी भिंत.

"भिंत कधी रंगवलीस गं?"

"तुझ्या भावानं रंगवली. तू जेवलीस का ते सांग आधी. तोंड बघ, वाळल्या शेंगेसारखं झालंय."

डेल्मी हसे. तिची ऐन उमेदीची वर्षं अमेरिकेत सरली होती, मायदेशी परतणं धोक्याचं म्हणून सरकारनं दिलेल्या तात्पुरत्या संरक्षणावर. राहता येई, काम करता येई. पण प्रवासाची परवानगी हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परतीची वाट बंद होण्याची भीती. तिची दोन मुलं इथे शाळेत होती.

एका सकाळी भावाचा, वीलबेरचा फोन आला. आई गेली होती. निळी भिंत इस्पितळाची होती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"ताई, तू धावत आली असतीस आणि तिकडचं दार बंद झालं असतं. इथे सगळे असंच करतात. आईनंच शपथ घातली होती. तुझ्या फोनआधी लाली मागायची."

"अरे, डॉक्टरांचा कागद पाठवला असतास, तर तातडीची परवानगी मागता आली असती. मिळाली असती की नाही, देव जाणे. मागायची तरी होती मला."

वीलबेर रडू लागला.

आईला मातीत ठेवताना तिनं फोनवर पाहिलं. लोकांच्या पाठीच जास्त दिसल्या. नऊ दिवसांच्या प्रार्थनाही तशाच झाल्या. तिकडे कॉफी आणि गोड पाव वाटले गेले, इकडे ती फोन भिंतीला टेकवून बघत राहिली.

ती कामावर परतली, त्याच आठवड्यात खानावळीत तवा सांभाळणाऱ्या एवेलिओच्या बहिणीचा तिला एल साल्वादोरहून फोन आला. एवेलिओही तिच्यासारखाच अडकलेला.

"वडील अंथरुणाला खिळलेत, ताई. इकडून कुणाकडून तरी तुमच्या कानावर येईलच, पण त्याला कळू देऊ नका. त्याच्या भल्यासाठीच."

कायदा निष्ठुर होताच. पण त्याच्या धाकानं मायासुद्धा खोटं बोलायला शिकली होती.

"डॉक्टरांचा कागद आजच पाठव," डेल्मी म्हणाली. "त्याला मी सांगते."

ती आत गेली.

"काय ताई, आज पीठ पुन्हा पातळ?" एवेलिओनं चिडवलं.

तिनं हात पुसले.

"गॅस बंद कर, एवेलिओ. आणि जरा बस."