नदीकडच्या वेली

माझा भाऊ गिस्लँ हट्टी आहे, आणि मी, त्याची बहीण ओदिल, त्याच्याहून. आईवडिलांमागे हा द्राक्षमळा आमच्या गळ्यात पडला, तेव्हापासून आमचं एकाच गोष्टीवरून वाजत आलंय: नदीकडच्या तुकड्यातल्या पेती व्हर्दोच्या वेली. ही द्राक्षं सगळ्यांच्या मागून पिकतात आणि बऱ्याचदा पिकतही नाहीत. पिकलीच तर त्यांची वाइन इतकी उग्र, की आमच्या मिश्रणात ती चिमूटभरच घालायची. बाकी सगळं काम काबर्ने आणि मर्लो या द्राक्षांचं. चिमूटभर मालासाठी एवढी जमीन अडवून ठेवायची, हे मला पटत नव्हतं. गिस्लँचा मात्र त्या वेलींत जीव. आजोबांनी लावलेल्या त्या वेलींची छाटणी तो दुसऱ्या कुणाला करूही देत नाही.

यंदा मी त्या उपटायला ट्रॅक्टरवाल्याला सोमवारी यायला सांगूनच टाकलं. त्यावर गिस्लँ जेवताना माझ्याशी बोलेनासा झाला. मग एके सकाळी तोच म्हणाला, यंदाचं मिश्रण ठरवताना दोन पेले भरू. एकात पेती व्हर्दो घातलेली, दुसऱ्यात नाही. तिच्याविनाच वाइन चांगली लागली, तर खुशाल उपट.

"आणि तुला कळणार कसं, ती कशात आहे ते?" मी विचारलं.

"डोळे मिटून सांगेन."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटली. मूठभर द्राक्षं एवढ्या मोठ्या मिश्रणात ओळखू तरी येतात का?

आमच्याकडे मिश्रण ठरवताना बोलायचं नाही, अशी रीत आहे. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याची जीभ त्याच्यामागे जाते. चाखायचं, थुंकायचं आणि आवडलेला पेला मुकाट्याने टेबलाच्या मध्यावर सरकवायचा. पिंपांचं सगळं पाहणाऱ्या मादाम लाबात पेल्यांच्या बुडाला खडूने खूण करतात आणि शेवटी उलगडा करतात.

डावीकडची वाइन मऊ होती, गोडसर, लगेच आवडणारी. तिच्यात काहीतरी नवं होतं, म्हणून पेती व्हर्दो यातच असणार असं मी धरलं. उजवीकडची मात्र नेहमीची, आपल्या घरची. मी उजवीकडचा पेला सरकवला. जिंकले, असंच वाटलं. गिस्लँने बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि डावीकडचा सरकवला. त्याच्या चेहऱ्यावरही जिंकल्याचंच हसू होतं.

मादाम लाबातनी दोन्ही पेले उचलून खालून पाहिले. "पेती व्हर्दो ओदिलबाईंच्या पेल्यात आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही निवडलात तो तिच्याविना."

गिस्लँचा चेहरा पडला. मला त्याची कीव आली, आणि ती आली याचा रागही आला. तो कोट चढवू लागला. मी मादाम लाबातना पेती व्हर्दोच्या पिंपातून थोडी नुसतीच काढायला सांगितली. इतकी वर्षं भांडले, पण ती नुसती कधी चाखलीच नव्हती. काळीकुट्ट, जिभेला ओरबाडणारी, वर कुठूनतरी फुलांचा वास. उजवीकडच्या पेल्यात यातलं काहीच सापडत नव्हतं. पण डावीकडची पुन्हा चाखली, तर ती घोटासरशी संपत होती. मागे काही राहत नव्हतं.

"सोमवारी येऊ दे त्याला," गिस्लँ दारातून म्हणाला. "शब्द दिलाय. इतकी वर्षं सांभाळली आणि मला ओळखताही आली नाही."

"तू तिला पिंपातून एकटीलाच चाखतोस," मी म्हणाले. "मिश्रणात ती तशी राहतच नाही, मग ओळखणार कशी? मी तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. मला फक्त आपली वाइन कळते. आणि ती नसली की ही आपली वाइन नसते."

तो कोटाचं एक बटण लावून तसाच उभा राहिला. मी त्याच्यासमोरच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, पुढच्या सोमवारी येऊ का? मी म्हटलं, येऊच नका. का, म्हणाला. खरं कारण सांगायची लाज वाटली.

"भाऊ ऐकत नाही हो माझा," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच गिस्लँने माझं खोटं मुकाट्याने ऐकून घेतलं.