दोनदा तापवलेला धातू

टेबलावर सहा पट्ट्या होत्या. निकेल-क्रोमियमच्या, पंचवीस मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड. प्रत्येकीच्या मधोमध पोर्सिलेनचा पांढरा थर. तीन मामाच्या पद्धतीने केलेल्या, तीन माझ्या. सातवी वस्तू मामाच्या खिशात होती: आईच्या पुढच्या तीन दातांचा सांगाडा, नुसता धातू, अजून भट्टीत न गेलेला.

मामाने आईला करून दिलेल्या आधीच्या दोन्ही ब्रिजवरचं, म्हणजे जोडदातांवरचं, पोर्सिलेन टवके उडून निघालं होतं. तेव्हापासून ती वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवते.

"ताई लहानपणापासून माझ्यावर दात खाते," मामा म्हणाला. "त्याला मी काय करू?"

मामाची दात बनवायची लॅब आहे. पोर्सिलेन चढवण्याआधी धातू तापवला की वर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि पोर्सिलेन त्यालाच धरतं. मामा दोनदा तापवतो, पकड पक्की व्हावी म्हणून. माझं म्हणणं, एकदाच पुरे; थर जाड झाला की तोच सुटतो.

आमच्या कॉलेजच्या टेस्टिंग रूममध्ये त्याचा पाय ठरेना. त्याने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली, मग खिसा चाचपला.

"पास व्हायला किती लागतात, शास्त्रज्ञ बाई?"

"पंचवीस मेगापास्कल. तेवढा ताण सोसून पोर्सिलेन धरून राहायला हवं."

मशीनच्या दाबाखाली मामाची पहिली पट्टी वाकत गेली आणि पोर्सिलेन टक्‌कन सुटलं. एकवीस. दुसरी एकोणीस. तिसरी बावीस.

त्याने एक सुटलेला तुकडा चिमट्याने उलटा केला. त्याच्या पाठीला धातूवरचा काळा थर चिकटून आला होता. मामा तो उजेडात धरून फिरवत राहिला.

"आता तुझ्या लाव."

पहिली एकतीस. दुसरी चोवीस.

"हिला काय झालं? तापवल्यावर बोट लावलंस?"

"नाही. चिमट्यानेच उचलली होती." मी पुन्हा आकडा पाहिला. तो चोवीसच होता.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. "ताई, जरा दम धर. तुझी लेक मला नापास करतेय, आणि स्वतःही काठावर आहे."

फोन ठेवून त्याने खिशातला सांगाडा काढला आणि मशीनशेजारी ठेवला.

"तिसरी पंचवीसच्या वर गेली तर हा एकदाच तापवतो. नाहीतर माझं मी बघेन."

मी तिसरी पट्टी आधारांवर ठेवली आणि बटण दाबलं. मामा माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

तेहतीस पूर्णांक चार.